सत्कार मानसशास्त्राच्या गुणवंत विद्यार्थ्याचा : शाल घालताना नेमके काय गौरवायचे?

बेळगाव : निकाल लागले की सीमाभागात गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. गावचे युवक मंडळ, पतसंस्था, वाचनालय, माजी विद्यार्थी संघटना, सगळीकडे खुर्च्या लागतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, एखादे पाकीट आणि दोन शब्द. बेळगाव, खानापूर, निपाणीत हे चित्र दरवर्षीचे. गोव्यात, इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादच्या मराठी मंडळांतही फार वेगळे नसते.

दहावीचा पहिला, बारावी सायन्सची पहिली, सीए झालेला मुलगा यांच्याबद्दल काय बोलायचे ते सूत्रसंचालकाला पाठ असते. अडचण होते ती बीए मानसशास्त्रात विद्यापीठात चमकलेली एखादी मुलगी व्यासपीठावर आली की. मग दोनपैकी एक चूक हमखास होते. एक तर "आर्ट्सच ना?" म्हणून दोन ओळींत उरकले जाते. नाहीतर उत्साहाच्या भरात "आपल्या गावची मनाची डॉक्टर" असे जाहीर होते आणि टाळ्या पडतात.

पहिली चूक त्या विद्यार्थिनीवर अन्याय करते. दुसरी चूक मात्र जास्त महागात पडते. कारण दुसऱ्या दिवशी त्याच गावातली एखादी आई झोप उडालेल्या, जेवण सोडलेल्या मुलाला घेऊन त्या एकवीस वर्षांच्या पोरीच्या दारात उभी राहू शकते. म्हणून मानसशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याचा सत्कार करायचाच, पण कशाचा करायचा हे आयोजकांनी आधी समजून घेतलेले बरे.

पदवीला नेमके काय शिकवतात?

"मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं शास्त्र" हा समज अजून गेलेला नाही. प्रत्यक्षात पदवीच्या वर्गात आजार हा एक भाग असतो, सगळा अभ्यासक्रम नव्हे. माणूस शिकतो कसा, विसरतो का, लहान मुलाची भाषा आणि विचार कसे वाढतात, गर्दीत माणूस वेगळा का वागतो, कामाच्या ठिकाणी ताण कशाने येतो, हे सगळे त्यात येते.

सोबत संख्याशास्त्र असते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध ही गणिते कॉमर्सवाल्यांच्या ओळखीची. तीच इथे माणसांच्या वागण्याला लावतात. प्रॅक्टिकलही असते. म्यूलर-लायर भ्रमाचा प्रयोग बहुतेक विद्यार्थी करतात. सारख्याच लांबीच्या दोन रेषा काढायच्या, एकीच्या टोकांना बाण आतल्या बाजूला, दुसरीच्या बाहेरच्या बाजूला. बघणाऱ्याला एक रेष लांब वाटतेच. फूटपट्टी लावून दाखवली तरी डोळा ऐकत नाही. "मला दिसलं म्हणजे ते तसंच आहे" यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हा या विषयाचा पहिला धडा.

या विषयात चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी म्हणजे माणसाबद्दल घाईने मत न बनवण्याची शिस्त अंगी बाणवलेला विद्यार्थी. सत्काराच्या भाषणात ही गोष्ट एका वाक्यात जरी सांगितली, तरी "आर्ट्सच ना?" म्हणणाऱ्याला उत्तर मिळते.

गुणांच्या पायावर गौरव करण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी 'साय काय' नावाची मानद संस्था १९२९ मध्ये येल विद्यापीठात स्थापन झाली, ती आजही गुणवंत विद्यार्थ्यांना सदस्यत्व देते. आपल्याकडे विद्यापीठाची सुवर्णपदके आणि गुणवत्ता याद्या आहेत. पण मानसशास्त्रात केवळ गुण बघितले तर चित्र अर्धेच राहते. उरलेले अर्धे म्हणजे सेवा.

सेवा कशाला म्हणायचे?

बहुतेकांच्या डोळ्यासमोर येते ते 'काउन्सेलिंग'. पदवीच्या विद्यार्थ्याने करायची सेवा वेगळी असते, आणि ती कमी मोलाची नाही. वृद्धाश्रमात दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाऊन वाचून दाखवणे, दृष्टिहीन परीक्षार्थींसाठी लेखनिक म्हणून बसणे, विशेष मुलांच्या शाळेत शिक्षकांच्या हाताखाली मदत करणे, वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत सोबत देणे, महिला बचत गटात झोप, ताण, व्यसन यांवर मराठीत माहिती सांगणे.

यात सातत्य महत्त्वाचे. एनएसएसमध्ये याचा हिशेब ठेवतात. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचे आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे असते. तास लिहिले जातात, प्रमुख सही करतो. सत्कार समितीने हीच पद्धत उचलावी. "समाजसेवेची आवड आहे" या वाक्याला अर्थ नाही. कुठे, किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली, या तीन प्रश्नांची उत्तरे हवीत.

रेषा कुठे आखायची?

बी.कॉम. झालेल्या मुलाला कोणी लगेच सीए म्हणत नाही. त्याची सही ऑडिटला चालत नाही. एलएलबी झाला तरी सनद हातात पडेपर्यंत वकिली करता येत नाही. मानसशास्त्राचेही तसेच आहे.

मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग त्या शाखेतले पदव्युत्तर शिक्षण. ते डॉक्टर असल्याने औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचे याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दिली आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता आणि देखरेखीखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, हिच्या १९९२ च्या कायद्यानुसार या कामासाठी केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. ते नसताना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

म्हणजे व्यासपीठावरून "हिने कितीतरी पेशंट बरे केले" असे कौतुक झाले, तर ते त्या मुलीलाच अडचणीत टाकणारे कौतुक आहे. तिने तसे केले नसेल तर ते खोटे, आणि केले असेल तर ते गौरवण्यासारखे नाही.

मग संकटात असलेला माणूस समोर आला तर विद्यार्थ्याने काय करायचे? ऐकायचे. मध्येच उपदेश करायचा नाही. "जीव नकोसा झालाय" असे कोणी म्हणाले तर ते हसण्यावारी न्यायचे नाही, त्याला एकटे सोडायचे नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचे आणि लगेच योग्य ठिकाणी पोहोचवायचे. आजार ओळखून नाव देण्याचा प्रयत्न करायचा नाही. ऐकणे आणि योग्य दारापर्यंत नेणे, इथे विद्यार्थ्याचे काम संपते. ही रेषा पाळणे जमले, तर तीच त्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी कमाई समजावी. कारण समोरचा माणूस रडत असताना "हे माझ्या आवाक्यातलं नाही, चला आपण डॉक्टरांकडे जाऊ" असे म्हणायला अभ्यास लागतो आणि धीरही लागतो.

गोव्याने दाखवलेला रस्ता

"डॉक्टर नसलेल्याने काहीच करायचे नाही का?" असा प्रश्न इथे येईल. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्यासारख्या संशोधकांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. स्थानिक, सर्वसाधारण शिक्षण झालेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. मानसिक आरोग्याची कोणतीही व्यावसायिक पदवी त्यांच्याकडे नव्हती. तीन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर सहा महिने सराव, असा तो क्रम होता.

तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आले. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हा आकडा वाचून कोणी उद्यापासून पाटी लावू नये. या प्रयोगात समुपदेशकाने काय बोलायचे याची ठरवलेली पद्धत होती, बैठकांची तपासणी होत होती, अडले तर वरती तज्ज्ञ होते. देखरेख होती म्हणून यश आले. पदवीच्या विद्यार्थ्याने एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत अशा देखरेखीखाली मदतनीस म्हणून काम केले असेल, तर त्याचा उल्लेख मानपत्रात जरूर करावा. आणि ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांचेही नाव घ्यावे.

सीमाभागातली खास सेवा : भाषा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे आढळले. त्याहून बोचणारा आकडा उपचार न मिळणाऱ्यांचा आहे. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. लाज, खर्च, अंतर ही कारणे सगळीकडे आहेत. सीमाभागात त्यात भाषा मिसळते.

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या आजीला काय होतंय ते ती तिच्याच शब्दांत सांगणार. "कशात राम वाटत नाही", "जीव घाबराघुबरा होतो", "डोकं जड होतं", "आतून पोखरल्यासारखं होतं". बेळगावहून सुमारे ८० किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. तिथे उपचार चांगले असले तरी संवादाची भाषा मुख्यतः कन्नड. ताप किंवा मोडलेला हात दुसऱ्या भाषेत सांगता येतो, मनातले सांगताना शब्द अडतात. नातवाने केलेल्या भाषांतरात "डोकं दुखतंय" एवढेच उरते. शिवाय सासूबद्दलची, नवऱ्याबद्दलची गोष्ट घरच्याच माणसासमोर बाई बोलत नाही.

इथे मराठी, कन्नड दोन्ही येणारी आणि मानसशास्त्र शिकलेली मुलगी फार मोलाची ठरते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती दुभाषा म्हणून बसली तर तिने तीन गोष्टी पाळायच्या असतात : पदरचे काही घालायचे नाही, काही गाळायचे नाही आणि ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. बडोद्याला गुजराती, हैदराबादला तेलुगू, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, गोव्यात कोकणी, सगळीकडे हीच गरज आहे. पिढ्यान् पिढ्या दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या मुलांकडे हे भांडवल घरातूनच आलेले असते.

फोनवरही मराठीत बोलता येते. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि भाषा निवडता येते. सेवा २० भाषांत आहे, मराठी त्यात आहे. कर्नाटकात 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञांची तपासणी ठेवण्याची योजना आहे. ही माहिती गावातल्या दहा घरांत मराठीतून पोहोचवणारा विद्यार्थी सत्काराला पात्र आहे, त्याच्या गुणपत्रिकेत काहीही असो.

पदवीच्या वर्गातून न्यायालयापर्यंत

गुण आणि सेवा एकत्र आल्यावर एखादी विद्यार्थिनी कुठे पोहोचते, याचे दूरच्या देशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. मॅमी फिप्स ही अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली कृष्णवर्णीय मुलगी १९३४ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाली. विषय गणित आणि भौतिकशास्त्र. पुढे ती मानसशास्त्राकडे वळली आणि १९३८ मध्ये विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाली. त्याच उन्हाळ्यात तिने एका वकिलाच्या कार्यालयात साधी कारकुनी केली. चार्ल्स ह्यूस्टन हे ते वकील. वर्णभेदाविरुद्धचे खटले तिथे तयार होत होते.

पुढच्या वर्षी एमएसाठी तिने विषय निवडला तो बालवाडीतल्या कृष्णवर्णीय मुलांना स्वतःच्या वर्णाची जाणीव कधी आणि कशी होते हा. त्यातूनच नंतर पती केनेथ क्लार्क यांच्यासोबत केलेले बाहुल्यांचे प्रयोग उभे राहिले. रंग सोडला तर अगदी सारख्या बाहुल्या मुलांसमोर ठेवायच्या आणि विचारायचे, यातली चांगली कोणती? बहुतेक कृष्णवर्णीय मुले गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवत. वेगळ्या शाळांतल्या वेगळेपणाने मुलांच्या मनावर काय होते, हे त्यातून दिसले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालात या संशोधनाचाही आधार घेतला गेला.

मॅमी क्लार्क यांनी १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तरी त्यांना जोगते काम मिळेना. शेवटी १९४६ मध्ये पती-पत्नींनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी स्वतःचे केंद्र काढले. म्हणजे बीएच्या वर्गातल्या हुशार मुलीला टाळ्या मिळाल्या, पण जागा मिळाली नाही. आपल्याकडच्या सत्कारांनीही हा मुद्दा मनावर घ्यावा.

आयोजकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मानपत्रातले शब्द. "मानसोपचार तज्ज्ञ", "काउन्सेलर", "मनाची डॉक्टर" हे शब्द टाळा. "मानसशास्त्र पदवीत विद्यापीठ गुणवत्ता यादीत, अमुक संस्थेत दोन वर्षे देखरेखीखाली स्वयंसेवा, मराठीतून जनजागृती" एवढे साधे लिहिले तरी पुरते.

दुसरी गोष्ट, गुप्तता. विद्यार्थ्याने मदत केलेल्या व्यक्तीला व्यासपीठावर आणायचे नाही, तिची कहाणी गावाचे नाव घेऊन सांगायची नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. रुग्णालयात उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. लहान गावात "नाव सांगत नाही, पण वरच्या गल्लीतली" एवढ्यावरही माणूस ओळखू येतो.

तिसरी गोष्ट, बक्षीस. चौथे स्मृतिचिन्ह कपाटात जाते. त्याच पैशात एमए प्रवेश परीक्षेचा अर्ज, पुस्तके, बंगळूर किंवा पुण्याला मुलाखतीला जाण्याचा खर्च निघू शकतो. दहा देणगीदारांनी मिळून एका सत्राची फी उचलली, तर तो सत्कार पुढची सहा महिने चालतो.

चौथी गोष्ट, माहितीची मदत. नियम बदलत आहेत आणि सीमेच्या दोन बाजूंना वेगळे आहेत. कर्नाटकने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली, महाराष्ट्र-गोव्यात नव्या धोरणाची चार वर्षांची पदवी आहे. पलीकडे प्रवेश घेताना हा फरक आधी विचारून घ्यावा. दूरशिक्षणाने मानसशास्त्र करण्याचा बेत असेल तर विशेष सावध राहावे. आरोग्य सेवा व्यवसायांच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात मानसशास्त्र येते, म्हणून यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. "सहा आठवड्यांत समुपदेशक व्हा" अशा जाहिरातींना पैसे देण्याआधी तो अभ्यासक्रम आरसीआयच्या किंवा आयोगाच्या मान्यतेत बसतो का, ते तपासावे.

शेवटी सत्कार कोणाचा?

पुढच्या समारंभात मानसशास्त्राची विद्यार्थिनी व्यासपीठावर आली, तर तिला दोन मिनिटे बोलायला द्या. आभाराचे भाषण नको. तिने शिकलेली एक गोष्ट आणि १४४१६ हा नंबर, एवढेच मराठीतून सांगू द्या. मांडवात बसलेल्या दोनशे लोकांपैकी कोणाच्या तरी घरात रात्र जागून काढणारे माणूस असतेच. ते कोणाला सांगत नसतात. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा होताना एखादी बाई तिच्याजवळ येऊन हळूच विचारेल, "तो नंबर परत सांगतेस का गं?"

तिने तो कागदावर लिहून द्यावा आणि कोणाला काही सांगू नये.